बारावीला फ्रेंच घेणारे मूर्ख

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकाची सुरुवात मूर्खाच्या लक्षणांनी केली आणि शेवट पढतमूर्खाच्या. आजच्या इंग्लंडात त्या यादीला आणखी एक लक्षण जोडावं लागेल. सोळाव्या वर्षी तीनच विषय निवडायचे असताना त्यातला एक फ्रेंच घेतो, तो मूर्ख. मी एका सरकारी शाळेत अशाच मुलांना फ्रेंच शिकवते. जगाने त्यांना दिलेलं हे नाव मला मान्य आहे आणि मी त्यांची स्तुती करायला बसले आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी थोडं सांगते. इथे सोळा ते अठरा या दोन वर्षांत ए-लेव्हल असते, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीच्या वयाची परीक्षा. बहुतेक मुलं तीन विषय घेतात, फार हुशार मुलं चार. विद्यापीठाचा प्रवेश या तीन ग्रेडांवर ठरतो आणि पुढे वर्षाला 9,000 पौंडांहून जास्त फी असते. त्यामुळे विषय निवडताना घरोघरी हिशोब मांडला जातो. गणिताला दरवर्षी एक लाखाहून अधिक मुलं बसतात. फ्रेंचला 1990 च्या दशकात पंचवीस हजारांच्या आसपास बसत, आता त्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी. 2004 मध्ये सरकारने चौदाव्या वर्षानंतर परकीय भाषेची सक्ती काढली आणि गळती वेगाने वाढली. 2019 मध्ये स्पॅनिशने फ्रेंचला मागे टाकलं.

पालकसभेत लंडन परिसरातल्या हॅरो-स्लाउकडचे मराठी आईवडील भेटतात. ते मला अगदी सरळ विचारतात, "ताई, फ्रेंच शिकून करणार काय?" या प्रश्नाचा मला राग येत नाही. ज्यांनी परक्या देशात शून्यापासून संसार उभा केला, त्यांनी मुलाच्या एका विषयाचाही हिशोब मागावा हे रास्तच आहे. त्यांचा हिशोब बरोबरही असतो. ए-लेव्हलच्या फ्रेंचमध्ये वरची ग्रेड मिळणं कठीण आहे, कारण परीक्षेला बसणाऱ्यांत घरी फ्रेंच बोलणारी मुलंही असतात आणि लंडनमध्ये अशी घरं पुष्कळ आहेत. ग्रेडची रेषा आखताना ती मुलं वरच्या जागा घेतात. ही तक्रार इतकी खरी निघाली की परीक्षांवर देखरेख करणाऱ्या ऑफक्वालने 2017 मध्ये फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिशच्या वरच्या ग्रेडची सीमा थोडी सैल करायला लावली. थोडीच. आजही ज्याला फक्त ग्रेड हवी, त्याने फ्रेंचकडे फिरकू नये असंच मी सांगेन.

गंमत म्हणजे मुंबई-पुण्यात हाच हिशोब उलटा आहे. तिथे शास्त्र शाखेची मुलं अकरावीला मराठी-हिंदी सोडून फ्रेंच घेतात, कारण ते 'स्कोअरिंग' आहे. मुळाक्षरांपासून सुरुवात, ठरावीक व्याकरण, छोटे उतारे आणि पदरात भरघोस गुण. तिथे फ्रेंच घेणं शहाणपणाचं, आणि परीक्षा संपताच ते विसरणंही शहाणपणाचं. त्या मुलांना मी दोष देत नाही, एंट्रन्सच्या ओझ्याखाली ती वाकलेली असतात. पण एकच भाषा एका ठिकाणी गुणांसाठी घेतली जाते आणि दुसऱ्या ठिकाणी गुणांसाठीच टाळली जाते, हे पाहिलं की कळतं की दोन्हीकडे भाषेचा विचार कोणी केलेलाच नाही. तो करतात फक्त माझ्या वर्गातली तीन-चार वेडी पोरं.

ती दोन वर्षं काय करतात ते एकदा जवळून बघावं. एक पुस्तक आणि एक चित्रपट, नाहीतर दोन पुस्तकं, मूळ फ्रेंचमधून पूर्ण अभ्यासायची. परीक्षेत शब्दकोश न वापरता दोन तासांत दोन निबंध फ्रेंचमध्ये लिहायचे. तोंडी परीक्षा वीस मिनिटांहून लांब चालते आणि तिला एकूण गुणांपैकी तीस टक्के असतात. त्यात फ्रेंच समाजाशी संबंधित एका विषयावर स्वतः शोध घेऊन बोलायचं असतं, आणि परीक्षक मध्येच तोडून उलटे प्रश्न विचारतो. अभ्यासक्रमात कुटुंबाचं बदलतं रूप आहे, स्थलांतर आहे, संप आणि मोर्चे आहेत, तुरुंग आणि शिक्षा आहेत, तरुणांचं मतदान आहे. सतरा वर्षांच्या मुलाने दुसऱ्या देशातल्या पेन्शनच्या संपावर, त्या देशाच्या भाषेत, समोरच्या मोठ्या माणसाशी वाद घालायचा. एवढं धारिष्ट्य त्याच्याकडून दुसरा कोणता विषय मागतो, मला सांगा.

आणि हा वाद तो अडखळत घालतो. मला याचं मोल सगळ्यात जास्त वाटतं. हुशार मुलाला वर्गात चटकन बोलायची सवय असते, आणि इथे त्याचं डोकं पुढे धावतं तर जीभ मागे राहते. क्रियापदाचं रूप आठवेपर्यंत दोन क्षण जातात, आणि तेवढ्यात आपल्याला नक्की काय म्हणायचं आहे हे त्याला पुन्हा तपासावं लागतं. ऑक्टोबरमध्ये ही मुलं पाठ केलेली मतं सांगतात. पुढच्या वर्षीच्या मार्चपर्यंत ती म्हणू लागतात की याला दुसरी बाजूही आहे. शंका, भीती, इच्छा यांसाठी फ्रेंचमध्ये क्रियापदाची निराळी रूपं आहेत. ती घोटून घेताना मला वाटतं, न पटलेली गोष्टही ठामपणे बोलण्याच्या या दिवसांत मुलांना शंका नीट मांडता येणं फार गरजेचं आहे.

पुस्तकांबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. शाळा परीक्षा मंडळाच्या यादीतून निवड करते. यादीत मोलिएरचं 'तार्त्युफ' आहे, कामूची 'लेत्रांजे' आहे, आणि फाइजा गेन यांची 'किफ किफ दमँ'ही आहे. 2004 मध्ये ही कादंबरी आली तेव्हा लेखिका अजून विशीतही पोचली नव्हती. नायिका दोरिया पंधरा वर्षांची, पॅरिसजवळच्या वस्तीत आईबरोबर राहते. मुलगा हवा म्हणून बाप मोरोक्कोला निघून गेला आहे. आईला लिहिता-वाचता येत नाही, ती हॉटेलात सफाईचं काम करते, आणि तिथे तिचं नाव नीट घेण्याचेही कष्ट कोणी घेत नाही. हे वाचताना गुजराती, पंजाबी, मराठी घरांतल्या मुली मान वर करून माझ्याकडे बघतात. त्यांनी फ्रान्सबद्दल वाचायचं म्हणून पुस्तक उघडलेलं असतं आणि त्यांना आपल्या आजीची, फॅक्टरीत काम केलेल्या आत्याची आठवण येते. पुढे दोरियाची आई लिहायला-वाचायला शिकते. त्या प्रकरणावर मुलं जेवढं लिहितात तेवढं दुसऱ्या कशावर लिहीत नाहीत.

चित्रपट म्हणून मी शक्यतो लुई मालचा 'ओ रव्वार लेझाँफाँ' घेते. तो 1987 चा, पण कथा 1944 च्या जानेवारीतली, जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समधली. कॅथलिक पाद्र्यांच्या निवासी शाळेत तीन ज्यू मुलं खोट्या नावांनी लपवलेली असतात. मालच्या स्वतःच्या बालपणातली ही घटना. इंग्लंडातल्या मुलांना दुसरं महायुद्ध पाठ असतं, पण ते विमानांचं आणि विजयाचं युद्ध. शेजारी राहणाऱ्याने शेजाऱ्याला पकडून दिलं, पोलीस आपलेच होते, हे त्यांना इथे पहिल्यांदा समजतं. हा प्रश्न फक्त फ्रान्सचा नाही हे कोणी न सांगता त्यांच्या लक्षात येतं, आणि मग वर्गात इंग्रजीत बोलू नका म्हणून दटावलं तरी ती थांबत नाहीत. अशा दिवशी मी दटावत नाही.

फोन सगळं भाषांतर करून देतो, हा आजचा सर्वांत मोठा युक्तिवाद. देतो, आणि चांगलं देतो. जेवण मागवायला, गाडीचं तिकीट काढायला मीही तो वापरते. पण माझ्या मुलांना दोरियाचं म्हणणं फक्त कळलं असतं तर मला पुरलं नसतं. ते कळून घेण्यासाठी दोन वर्षं खपल्याने ती बदलतात. दुसऱ्याचं ऐकायला वेळ लागतो, हे त्यांना उमगतं. हा वेळ वाचवण्याजोगा आहे असं ज्यांना वाटतं, त्यांच्याशी माझा खरा मतभेद आहे.

मूर्खांची स्तुती करणारी मी पहिली नाही. इरॅस्मसने 'मूर्खपणाची स्तुती' लिहिली ती इंग्लंडात, थॉमस मोर यांच्या घरी, 1509 मध्ये. ते पुस्तक पहिल्यांदा छापलं गेलं पॅरिसमध्ये, 1511 ला. डच विद्वान, इंग्लिश घर, फ्रेंच छापखाना आणि लॅटिन भाषा. युरोपातल्या विद्यार्थ्यांना एकमेकांच्या देशांत शिकायला पाठवणाऱ्या योजनेला पुढे त्याचंच नाव मिळालं, आणि ब्रेक्झिटबरोबर ब्रिटन त्या योजनेतून बाहेर पडला. मला या निर्णयाचं मनापासून वाईट वाटलं. फ्रान्समध्ये जाऊन राहिलेला मोठा विद्यार्थी शाळेत येऊन बोलला की धाकट्यांची भीती जाते, आणि तसे विद्यार्थी कमी झाले.

आता सगळ्यात टोचणारी गोष्ट. हा मूर्खपणा करायची मुभासुद्धा सर्वांना सारखी नाही. शाळेला पैसे विद्यार्थ्यांच्या संख्येवर मिळतात. तीन मुलांसाठी आठवड्याला पाच तास एक शिक्षक देणं सरकारी शाळेला परवडत नाही, म्हणून ती वर्ग बंद करते. खासगी शाळा दोघांसाठीही वर्ग चालवतात, आणि फ्रेंच हळूहळू श्रीमंतांच्या मुलांचा विषय होत चालला आहे. ज्या मुलीला दोरियाची गोष्ट सर्वांत जवळची, तिच्याच शाळेत ती शिकवली जात नाही. नोकरी-पगाराचे सगळे हिशोब मी ऐकून घेते, पण या अन्यायाला मला कुठलंही उत्तर सापडत नाही आणि सरकारकडून अजून कोणी दिलेलं नाही.

म्हणून हॅरोच्या, स्लाउच्या, मिल्टन कीन्सच्या मराठी आईवडिलांना माझी विनंती आहे. दहावीच्या तोडीच्या जीसीएसईचा निकाल ऑगस्टच्या उत्तरार्धात, गुरुवारी लागतो आणि त्यानंतर लगेच विषयांची नोंदणी होते. त्या टेबलापाशी तुमच्या मुलीचा हात फ्रेंचच्या चौकटीवर घुटमळला तर तिला निवडू द्या. गणित आणि रसायनशास्त्र तिच्या हातात राहतीलच, तिसरी जागा तिची आहे. आमच्या शाळेत येत्या सप्टेंबरचा वर्ग सुरू व्हायला चार नावं लागतात, आणि माझ्याकडे आत्तापर्यंत तीन आली आहेत.