निर्दोष फाइलची अटक

अँटीव्हायरसने निर्दोष फाइलला व्हायरस ठरवून अडवणे म्हणजे खोटा गजर. एकट्या संगणकावर तो वाजला तर निदान कोणी अडवले ते कळते. दोन संगणक केबलने जोडलेले असले, की फाइल इकडून निघते, तिकडे पोचत नाही आणि दोन्हीकडचे पहारेकरी कानावर हात ठेवतात.

परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेड तालुक्यात, राणीसावरगावासारख्या गावी, हा प्रकार बघायला झेरॉक्स, डीटीपी आणि ऑनलाइन फॉर्म असा तिहेरी संसार करणारे कोणतेही दुकान पुरते. बाहेरच्या संगणकावर पीकविम्याचे फॉर्म, आतल्यावर लग्नपत्रिका, आणि प्रिंटर बाहेरच्यालाच जोडलेला. आतून पाठवताना एक अँटीव्हायरस फाइल तपासतो, बाहेर उतरताना दुसरा. पत्रिकेसोबत फॉन्टची सेटअप फाइल एकाच झिपमध्ये बांधलेली असते. संशय सेटअपवर, अटक मात्र अख्ख्या झिपला. कॉपीची हिरवी पट्टी शेवटापर्यंत जाते, फाइल फोल्डरात क्षणभर दर्शन देते आणि नाहीशी होते. कोपऱ्यातली चौकट ‘धोका दूर केला’ असे सांगून विरते. दूर झालेला धोका म्हणजे आपल्या मुलीची पत्रिका, हे काउंटरला टेकून उभ्या वधूपित्याला पटवून देणे अवघड असते.

पूर्वी व्हायरस ओळखण्याचे काम सोपे होते. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेल्या कैलास काटकर यांनी धाकटे बंधू संजय यांच्यासह १९९५च्या सुमारास क्विक हील हा अँटीव्हायरस बाजारात आणला, तेव्हा व्हायरस फ्लॉपीतून यायचे आणि त्यांची यादी ठेवता यायची. फाइलमधल्या खुणा यादीशी जुळल्या की गुन्हेगार सापडला. आता रोज येणारे नवे नमुने लाखांच्या घरात गेल्यामुळे यादीला अंदाजाची जोड द्यावी लागते. फाइल आवळून बांधलेली आहे, अनोळखी आहे, बनवणाऱ्याची डिजिटल सही नाही, एवढ्यावरही संशय येतो. मराठी टायपिंगची छोटी सॉफ्टवेअर तर हमखास सापडण्यासारखी. कीबोर्डचे प्रत्येक बटण ऐकायचे आणि त्याजागी दुसरे अक्षर ठेवायचे, हेच त्यांचे काम. पासवर्ड चोरणारे सॉफ्टवेअरही बटणेच ऐकते. भराभर शेकडो फायली लिहिणारा बॅकअपचा प्रोग्रॅम खंडणीखोर रॅन्समवेअरसारखा दिसतो, तो त्याच न्यायाने.

मोठ्या अँटीव्हायरस कंपन्यांच्या घरीही हेच घडले आहे. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या अपडेटने विंडोज एक्सपीचीच एक अत्यावश्यक फाइल व्हायरस ठरवली. ठिकठिकाणचे संगणक पुन्हापुन्हा सुरू होत राहिले, त्यांचे नेटवर्क गेले. त्यामुळे नेटवर्कवरून उपाय पाठवायची सोय उरली नाही आणि तंत्रज्ञांना यंत्रायंत्रापुढे जाऊन बसावे लागले. सप्टेंबर २०१२ मध्ये सोफोसने त्यावरही कडी केली: स्वतःचाच अपडेटर संशयित म्हणून धरला. निःपक्षपातीपणाचे याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

उपाय कंटाळवाणे, पण खरे आहेत. आधी दोन्ही संगणकांवरची क्वारंटाइनची, म्हणजे अडवलेल्या फायलींची, यादी उघडून अटक कुठे झाली ते पाहावे. त्या फाइलमध्ये खाजगी काही नसेल, तर ती व्हायरसटोटलवर चढवून इतर अँटीव्हायरसचे मत घ्यावे. बहुतेकांनी निर्दोष म्हटले, तर तेवढ्याच फाइलला सूट द्यावी आणि कंपनीला कळवावे. यादीत काहीच नसेल, तर फायरवॉलने दुकानातले नेटवर्क ‘पब्लिक’ धरले आहे का, ते बघावे. अनेकदा फायली तिथेच अडतात आणि शिव्या मात्र अँटीव्हायरस खातो.

प्रत्यक्षात चालतो तो उपाय वेगळा. अँटीव्हायरस बंद करायचा, फाइल पाठवायची, पुन्हा चालू करायचा. लग्नसराईत यातली तिसरी पायरी हटकून राहते. तेवढ्यात कोणीतरी गंगाखेडहून आणलेला पेन ड्राइव्ह पुढे करून म्हणतो, ‘‘दादा, एकच प्रिंट.’’ व्हायरसने त्यातल्या प्रत्येक फोल्डरचा शॉर्टकट केलेला असतो, आणि गजर वाजवायला कोणी जागेवर नसते.