काकांचा अंगठा

हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवर, दुकानांच्या रांगेत कुठंतरी, हे काका गल्ल्यामागं बसलेले असतात. उजवा पाय स्टुलावर, त्या पायात चप्पल नाही. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. हुबळीत त्यांचं नाव रस्त्याला राहिलं आणि बसायची ऐट काकांकडं आली. ‘पायाला काय झालं ओ?’ असं नवखं गिऱ्हाईकच विचारतं. जुनी गिऱ्हाइकं पैसे ठेवून निघतात.

‘संधिवात नव्हे हां. युरिक ॲसिड!’

संधिवात शेजाऱ्यापाजाऱ्यांना होतो. चरकसंहितेत वातरक्त, म्हणजे काकांचा हा गाउट, हे सुखासीन माणसाचं दुखणं म्हटलंय आणि विलायतेतल्या सिडनहॅम डॉक्टरानं १६८३ मध्ये स्वतः ते भोगून त्यावर प्रबंध लिहिला, हे कुणीतरी काकांच्या कानावर घातलं. त्या दिवसापासून त्यांनी उधारीचा तगादासुद्धा खालच्या आवाजात करायला सुरुवात केली.

दुखणं मात्र खरं. रक्तात युरिक ॲसिड ६.८ मिलिग्रॅमच्या वर मुक्काम करून राहिलं की त्याचे टोकदार स्फटिक सांध्यात साचतात, आणि पायाचा अंगठा अंगापेक्षा थंड असल्यानं बहुधा पहिला मान त्याला. मध्यरात्री तो पेटतो, लाल होतो, त्यावर चादरसुद्धा सोसत नाही. तेव्हा काका काकूंना पंखा बंद करायला लावतात, मग उकडतं म्हणून चालू करायला लावतात.

सकाळी रक्त तपासलं, आकडा आला ६.२. ‘नॉर्मल!’ काका रिपोर्ट रस्त्यावरच्या माणसालाही दाखवतात. ऐन दुखण्यात आकडा खाली उतरू शकतो, दोन आठवड्यांनी पुन्हा तपासा, असं डॉक्टर म्हणाले होते. पण दोन आठवड्यांनी काका धावत बस पकडत असतात.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी ॲलोप्युरिनॉल लिहून दिलं. रोज घ्यायचं, आकडा ६ च्या खाली ठेवायचा. सुरुवातीचे काही महिने अंगठा पुन्हा भडकू शकतो, कारण साचलेले स्फटिक विरघळताना हलतात, म्हणून सोबत थोडं कोल्चिसिन. आणि भडकला तरी ॲलोप्युरिनॉल थांबवायचं नाही. काकांनी कोल्चिसिन ‘फालतू खर्च’ म्हणून वगळलं. तिसऱ्या आठवड्यात अंगठा भडकला. ‘गोळीच बाधली बघा! बरा होतो की मी!’ गोळी बंद. उरलेली पाकिटं त्यांनी टाचदुखीवाल्या मेहुण्याला दिली. ही गोळी एखाद्याच्या अंगावर भयंकर पुरळ उठवते, परस्पर वाटायची ती वस्तू नव्हे, असं काकू म्हणाल्या. पण काकूंना युरिक ॲसिड नाही, त्यामुळं त्यांना काय कळतंय!

पथ्याच्या बाबतीत मात्र काका कडक. टोमॅटो बंद, पालक बंद, तूरडाळ बंद. घरातल्या सगळ्यांनाच बंद. युरिक ॲसिड ज्यापासून बनतं ते प्युरिन पालक-डाळीत असलं तरी त्यानं गाउट वाढत नाही असं डॉक्टर सांगतात, मूळ अडचण बहुतेकांच्या मूत्रपिंडाची आहे म्हणतात, आणि नुसत्या पथ्यानं आकडा साधारण एखाद्या मिलिग्रॅमनं उतरतो असंही म्हणतात. ‘काय तरी सांगतात की ओ डॉक्टर,’ असं म्हणून काका शेजारच्या कापडवाल्याच्या डब्यातून वरणाची वाटी बाजूला काढायला लावतात. तो बिचारा तिशीतला, धडधाकट.

रविवारी हेच काका सावजी खानावळीत भेटतात. हुबळीत राहून सावजीकडं जायचं नाही तर जायचं कुठं, हा त्यांचा प्रश्न खराच आहे. समोर लिव्हर फ्राय, खिम्याचे उंडे, बाजूला गार बिअर. पाय तेवढा शेजारच्या खुर्चीवर ठेवलेला. पोऱ्या मटणाचा लालभडक रस्सा वाढायला येतो, तसा काका हात आडवा घालतात.

‘थांब रे. ह्यात टोमॅटो नाही न्हवं?’