रेंजमधले सुख

सुख मोजायचे प्रत्येक गावाचे माप वेगळे. सोनईत ते बरीच वर्षे कांद्याच्या गोणीने मोजले गेले. घोडेगावच्या उपबाजारात लिलाव उरकला, हिशेबपट्टी हाती आली, की आमचे तात्या घरासाठी भेळ बांधून घेत आणि ती संध्याकाळ सणाची होई. हल्ली पट्टी खिशात जाण्याआधी मोबाइल बाहेर येतो. लासलगावला भाव जरा जास्त, सोलापूरला त्याहून चढा! हातातले पैसे तेवढेच असतात, पण उन्हात ठेवलेल्या अत्तरासारखी त्यांच्यातली गोडी उडून जाते. भेळ आजही येते. खाताना तात्या मात्र सोलापुरात असतात.

सोनई ज्या नेवासे तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात, शके १२१२ मध्ये, ज्ञानेश्वरी पुरी करताना माउलींनी पसायदान मागितले. ज्याला जे हवे ते त्याला मिळो, ही मागणीही त्यात आहे आणि इंटरनेटने नेमकी तेवढीच मनावर घेतलेली दिसते. इच्छा मनात उमटण्याआधी जाहिरात हजर! पण माउलींचा क्रम पाहावा. आधी दुष्टांचा वाकडेपणा जावो, जिवाजिवांत मैत्री जुळो, पापाचा अंधार सरो. हवे ते मिळणे त्यानंतर. आपण शेवटून सुरुवात केली. म्हणून गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी गुलाबासकट सुप्रभात येते आणि दुपारपर्यंत बांधाच्या वादावरून दोन चुलतभाऊ ग्रुप सोडून जातात.

तरी फोनला सरसकट नावे ठेवायला जीभ रेटत नाही. सोनईच्या मुळा साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडतात. रात्री भाकरी झाल्यावर एखादी आई, हाताला राख तशीच, मोबाइल उंच धरून रेंज शोधते. पडद्यावर आजीपाशी ठेवलेले लेकरू दिसते, अडकते, पुन्हा हलते. ती त्याला जेवलास का विचारते आणि उत्तर येईपर्यंत श्वास रोखून उभी राहते. हे सुख नव्हे, असे कोण म्हणेल?

पण फोनला थोडा आवरही हवा. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास मोबाइल आणि टीव्ही बंद ठेवायला सुरुवात केली. साखर कारखान्याच्या गावाला भोंग्याचे काय अप्रूप? सोनईनेही असा एक वाजवून पाहावा. कोपीतल्या त्या आईला तेवढे त्यातून वगळा.