प्रति, मा. मेलर डीमन

बारनिशीच्या टेबलावर उभी हयात काढलेला माणूस ईमेलला बिचकेल असं ज्यांना वाटतं, त्यांनी बारनिशी पाहिलेली नाही. आमच्या सोसायटीतले नाना जिल्हा परिषदेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. टपाल घ्यायचं, शिक्का मारायचा, आवक क्रमांक टाकायचा, संबंधित टेबलाकडे सोडायचं आणि यथावकाश ‘सदर पत्र या कार्यालयात आढळून येत नाही’ असं लेखी कळवायचं, यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. हल्ली नळाला पाणी येत नाही. तेव्हा पाणीपुरवठा विभागाला ईमेलने अर्ज करायचा, असं त्यांनी ठरवलं. फोनवरून नको. व्हॉट्सॲप तर नकोच. लोक ज्यावर रोज पहाटे गुलाबाची फुलं पाठवतात, त्यावरून शासनाशी पत्रव्यवहार होत नसतो. ब्राउझरमधला मेलही त्यांना पसंत पडेना. पत्र दुसऱ्याच्या कपाटात आणि आपण बाहेरून डोकवायचं, याला दप्तर म्हणत नाहीत. दप्तर घरात हवं. म्हणून मी त्यांच्या संगणकावर थंडरबर्ड बसवून दिला. मोझिलाचा हा प्रोग्राम २००४ पासून फुकट मिळतो आणि आपलं टपाल आपल्या ताब्यात हवं म्हणणारे हट्टी लोक जगभर तो वापरतात.

प्रोग्रामने सुरुवातीलाच विचारलं, आयमॅप की पॉप? मी समजावू लागलो. पॉप म्हणजे सर्व्हरवरची पत्रं उचलून घरी आणायची आणि एरवी तिथली काढून टाकायची. आयमॅप म्हणजे पत्रं तिथेच राहणार, आपण कुठल्याही यंत्रावरून ती पाहायची. मार्क क्रिस्पिन या गृहस्थांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्डला असताना ही सोय...

“मूळ प्रत कोणाकडे राहते, एवढंच सांग,” नाना म्हणाले.

“पॉपमध्ये आपल्याकडे.”

“मग पॉप. मूळ प्रत हातची सोडली की माणूस संपला.”

पुढे येणाऱ्या पत्रांचा सर्व्हर वेगळा आणि जाणाऱ्यांचा वेगळा, हे पाहून त्यांची कळी खुलली. सामान्य माणूस इथे हमखास वैतागतो. दोन्ही टपालच, मग दोन पत्ते कशाला? नानांना असला प्रश्न पडत नाही. आवकेचा कारकून जावकेला हात लावत नाही, हे त्यांच्या लेखी नैसर्गिक आहे. पोर्ट क्रमांकही त्यांनी खिडकी क्रमांक म्हणून स्वीकारले. आवक ९९५, जावक ४६५ किंवा ५८७. मी सांगितलं की पूर्वी जावक २५ नंबरवर चालायची, पण तिथून कचरा फार सुटायला लागल्यावर बऱ्याच कंपन्यांनी घरगुती ग्राहकांसाठी ती बंद केली. “म्हणजे २५ नंबर आता आतल्या लोकांसाठी,” नाना म्हणाले. बरोबरच होतं. सर्व्हर सर्व्हरशी अजून तिथूनच बोलतात.

इथवर सगळं सुरळीत होतं. पण मग मी अनवधानाने इतिहास सांगितला.

जावकेचे हे नियम, म्हणजे एसएमटीपी, जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहून काढले. पद्धत अशी: पाठवणारं यंत्र ‘हेलो’ म्हणतं, तेही एक एल गाळून, कारण आज्ञा चार अक्षरांत बसवायची. मग आपण कोणाकडून आलो ते सांगतं, कोणाला द्यायचं ते सांगतं, मजकूर देतं आणि शेवटी एका ओळीवर नुसतं टिंब ठेवतं. टिंब आलं की पत्र स्वीकारलं.

“आणि ‘कोणाकडून’ ते तपासतो कोण?”

“कोणी नाही. सांगेल ते खरं.”

नानांनी चष्मा काढला. “ओळखपत्र नाही? सही नाही? राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन?”

नव्हतं. जाळ्यावर विद्यापीठं, संशोधन संस्था आणि लष्कराची माणसं, सगळा ओळखीपाळखीचा मामला. पाठवणाऱ्याला दारात पासवर्ड विचारण्याची रीतसर तरतूद १९९९ साली आली. सतरा वर्षं कोणीही उठावं, कोणाच्याही नावाने पत्र टाकावं आणि जावकेने ते निमूट घ्यावं. आम्ही लेख लिहिणारे याला विश्वासाचं युग वगैरे म्हणतो. नाना त्याला कर्तव्यात कसूर म्हणतात, आणि रोज माझ्या बँकेच्या नावाने जी पत्रं येतात ती पाहता मला नानांचंच पटतं.

झाल्या हलगर्जीपणाची भरपाई मात्र आता चक्रवाढ व्याजाने चालू आहे. नानांचं खातं गूगलचं. ३० मे २०२२ पासून गूगलने नुसत्या पासवर्डवर बाहेरच्या प्रोग्रामला आत घेणं बंद करायला घेतलं. त्यामुळे थंडरबर्डने एक खिडकी उघडली, खिडकीने पासवर्ड विचारला, मग नानांचा फोन वाजला आणि फोनने विचारलं की आत येऊ पाहणारे ते तुम्हीच का? नानांनी एक अवाक्षर न काढता ‘होय’ दाबलं. जो माणूस दर नोव्हेंबरला बँकेत स्वतः हजर राहून आपण जिवंत असल्याचा दाखला देतो, त्याला यात नवं काय?

पहिला मेल स्वतःलाच पाठवून पाहावा, असं मी सुचवलं. थोर परंपरा आहे. रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन संगणकांमध्ये जाळ्यावरून पहिला मेल पाठवला तो स्वतःलाच, आणि त्यात काय लिहिलं होतं ते पुढे त्यांनाच आठवेना. “पहिल्याच पत्राची कार्यालयीन प्रत नाही?” नानांनी एवढंच विचारलं. टॉमलिन्सन २०१६ मध्ये गेले. नाहीतर त्यांना खुलासा मागवणारं पत्र नक्की गेलं असतं.

नानांनी मेल लिहिला. विषय: चाचणी पत्र पाठविणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की... स्वतःला महोदय म्हणताना त्यांना संकोच वाटला नाही. हा माणूस मेल पाठवायला शिकत होता असं कोण म्हणेल? पडद्यावरचा प्रत्येक रकाना त्याला पाठ होता. सीसी म्हणजे ‘प्रत माहितीस्तव सादर’. ड्राफ्ट म्हणजे मसुदा. सेंट म्हणजे स्थळप्रत. फक्त बीसीसी पाहून ते हळहळले. नोकरीत असताना हेच काम शिपायाला चहा पाजून करावं लागे.

मेल गेला, आला. मग मी त्यांना पत्राचा मूळ स्रोत उघडून दाखवला आणि पुढचा तासभर त्यांनी मला उठू दिलं नाही. मेलच्या माथ्यावर, एरवी कोणी पाहत नाही अशा जागी, वाटेतला प्रत्येक सर्व्हर ‘मिळाले’ अशी नोंद करतो: कोणाकडून, कधी, सेकंदासकट. सर्वांत ताजी नोंद सर्वांत वर. शिवाय प्रत्येक पत्राला एक लांबलचक मेसेज आयडी असतो, दुसऱ्या कुठल्याच पत्राला नसलेला. नानांनी त्यावरून बोट फिरवलं. जावक क्रमांक! आणि हे आवकचे शिक्के! इतकी वर्षं आपण ईमेलला बेशिस्त समजत होतो आणि तो तर खात्याचा माणूस निघाला. एकच गोष्ट त्यांना खटकली. इतक्या टेबलांवरून पत्र दोन-तीन सेकंदांत फिरलं आणि एकानेही टिप्पणी लिहिली नाही.

दुसरीही एक खटकली. त्यांचा मराठी विषय स्रोतात इंग्रजी अक्षरांचा आणि आकड्यांचा नुसता काला होऊन पडला होता. मेलची वाट मुळात इंग्रजी अक्षरांपुरती बांधलेली. मराठी असो की फोटो, त्याला इंग्रजी अक्षरांचा वेश चढवूनच सहसा न्यावं लागतं, आणि त्या वेशात जोडलेल्या फायलीचं वजन तिसऱ्या हिश्शाने वाढतं. “महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४,” नाना पुटपुटले आणि वहीत काहीतरी टिपून घेतलं.

अखेर खरा अर्ज गेला. सोबत स्कॅन केलेल्या पाणीपट्टीच्या पावत्या, कार्यालयाच्या पाटीवरचा पत्ता अक्षर न अक्षर ताडून. मिनिटाच्या आत उत्तर हजर. नाना उठून उभे राहिले. इतक्या तातडीचं उत्तर त्यांनी उभ्या नोकरीत दिलं नव्हतं. पाठवणाऱ्याचं नाव: मेलर डीमन. मजकूर: ५५०, असा वापरकर्ता नाही.

चारने सुरू होणारा आकडा म्हणजे तूर्त अडचण आहे, पुन्हा या. पाचने सुरू होणारा म्हणजे येऊच नका, हे मी सांगितलं. नानांना पाच हा प्रकारच पटेना. “आमच्याकडे कोणाला पाच देत नसत. साहेब दौऱ्यावर आहेत, फाइल वरती आहे, संबंधित लिपिक रजेवर आहेत. सगळी चारची उत्तरं. लेखी नकार देतं कोण?”

मी म्हणालो, पाटीवरचा पत्ताच चुकलाय किंवा ते खातं कधीच बंद झालंय. योग्य पत्ता शोधू.

“पत्ता चुकीचा कसा? उत्तर आलं की नाही? दिलं ते कोणी?”

“ते यंत्र आहे नाना. त्यामागे माणूस नाही.”

“आवक क्रमांक आहे, वेळ आहे, नाव आहे आणि माणूस नाही? पद रिक्त असेल. प्रभारी कोणीतरी असणारच.”

आणि त्यांनी मसुदा घेतला. प्रति, मा. मेलर डीमन. विषय: पाणीपुरवठ्याबाबत. संदर्भ: आपला मेसेज आयडी, पूर्ण. स्मरणपत्र क्र. १. तेही परत आलं. स्मरणपत्र क्र. २ आता तयार आहे, प्रत माहितीस्तव जिल्हाधिकाऱ्यांना.

“तीस दिवस वाट पाहू,” नाना म्हणाले, “मग माहितीच्या अधिकारात अर्ज. फक्त दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट यात कुठे चिकटवायचं, तेवढं विचारून ठेव.”