आमच्या गल्लीतला मियामोतो

गडचांदुरात तरुण पोरांचे ढोबळमानाने तीन प्रकार. पोलीस भरतीसाठी पहाटे धावणारा, सिमेंट कंपनीतल्या ठेकेदाराकडे ‘लावून द्या ना जी’ म्हणत फिरणारा आणि दहावी होताच क्लाससाठी नागपूरला धाडलेला. अलीकडे चौथा प्रकार निघाला आहे. तो धावत नाही, फिरत नाही, कुठे जातही नाही. कूलरसमोर मोबाइल घेऊन पडलेला असतो आणि विचारलं की सांगतो, ‘गेम डिझायनर बनून राहिलो, काका.’

आमच्या गल्लीतला नमुना बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तासाला एकदा तरी मियामोतोचं नाव घेतो म्हणून गल्लीनं त्याचंच नाव मियामोतो ठेवलं. त्याच्या आईला बरेच दिवस वाटत होतं, कॉलेजातला कोणी मित्र असेल. एकदा म्हणालीही, ‘एवढं नाव घेतेस त्याचं, तं जेवाले बोलाव ना एखाद्या दिवशी.’

खरे शिगेरू मियामोतो जेवायला येण्यातले नाहीत. १९५२ साली जपानमध्ये क्योटोजवळच्या सोनोबे गावी जन्मलेला हा माणूस व्हिडिओ गेमच्या धंद्यातला कुलपुरुष. लहानपणी डोंगर-रानात हिंडताना त्यांना एक गुहा सापडली, कंदील घेऊन ते आत शिरले आणि त्या थराराचा पुढे १९८६ साली ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ झाला. ही कथा कळल्यावर आमचा मियामोतो तडक माणिकगडावर गेला. प्रेरणेला इकडे तोटा नाही. जंगल आहे, पडका किल्ला आहे. संध्याकाळी परतला तेव्हा मी विचारलं, ‘काय गवसलं बाबू?’ म्हणाला, ‘रेंजच नव्हती जी तिथं.’

गुरूचं चरित्र मात्र पोट्ट्याला मुखोद्गत. १९८१ च्या ‘डाँकी काँग’मध्ये मारिओ पहिल्यांदा अवतरला, तेव्हा पडद्यावर त्याच्या वाट्याला मोजके ठिपके होते. तोंड नीट दाखवता येईना म्हणून मिशी दिली, केस जमेनात म्हणून टोपी घातली. अडचणीतून मारिओ जन्मला, जगभर गाजला. आमच्या मियामोतोला तोंड काढता येत नाही, त्यामुळे त्याच्या वहीतल्या झाडून सगळ्या वीरांना मिशा आहेत. वाघाला तर देवानंच दिल्या आहेत. नायिकेचं काय, असं मी खोचून विचारलं, तर त्यानं डोळ्यांखालचा सगळा चेहरा ओढणीत गुंडाळलेली पोरगी दाखवली. मेमधल्या उन्हात गडचांदुरातली प्रत्येक स्कूटीवाली अशीच दिसते. मी गप्प बसलो.

घरच्यांना पटवायला त्यानं जपान सोडून पुणं गाठलं. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’नं ‘राजी’ नावाचा गेम काढला. भावाला राक्षसांनी पळवलेलं, बहीण शोधायला निघते, पाठीशी दुर्गामाता, असं अस्सल आपलं कथानक. २०१७ साली लोकांकडून ऑनलाइन वर्गणी काढायला गेले तर रक्कम जमली नाही, संस्थापकांपैकी एकानं स्वतःचा फ्लॅट विकून काम चालू ठेवलं, २०२० मध्ये गेम आला आणि ‘द गेम अवॉर्ड्स’च्या नामांकनापर्यंत पोचला. हे सगळं त्यानं बापाला रंगवून सांगितलं. बाप सिमेंट कंपनीतली रात्रपाळी करून आलेला. त्याच्या कानात ‘फ्लॅट विकला’ एवढंच शिरलं. उठून आत गेला आणि पेटीतले घराचे कागद जागेवर आहेत का ते बघून आला.

मग पोरानं हुकमी पान टाकलं. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या बेंगळुरू शाखेत डिजिटल गेम डिझाइनचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. ‘सरकारी आहे?’ बापानं विचारलं. ‘केंद्र सरकारचं.’ बापाचा चेहरा खुलला. ‘मंग पह्यले हे बी.एस्सी. तं काढ!’

सौदा लॅपटॉपवर अडला. ग्राफिक्स कार्डवाला लॅपटॉप असल्याशिवाय गेम बनत नाही, असं पोराचं म्हणणं. बाप तिरमिरीत बोलून गेला, ‘कागदावर करून दाखव अगुदर.’ बापाला ठाऊक नव्हतं, पण १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चे टप्पे मियामोतो आणि त्यांचे सहकारी ताकाशी तेझुका यांनी कागदावर चौकटी आखूनच रचले होते. पोराला ठाऊक होतं, म्हणून त्याला नाही म्हणता येईना.

आठवड्यानं आलेखाचे चार कागद चिकटवून खेळ तयार झाला: ‘गडचांदूर ते राजुरा’. एक फासा, बटणांच्या मोटारसायकली. वाटेत कोळशाचा ट्रक, रस्त्यात बसलेली गाय, फाट्यावर चहा पाजणारा मामा, तो एक डाव खातो. मी, बाप आणि मियामोतो खेळायला बसलो. बापाचं बटण पहिल्याच घरात अडकलं.

‘पह्यल्याच घरात खड्डा? सांगाचं तं होतं!’

‘सांगाचं नसते, बाबा. पडला का समजते. मारिओत बी पह्यला दुश्मन असाच समोरून येते, उडी शिकवाले.’

पुढे ट्रक आडवा आला. ‘उलट्या बाजूनं कसा येते बे ट्रक?’ बाप कडाडला. मग स्वतःच म्हणाला, ‘येते म्हना. परवाच आल्ता.’ हरला, चिडला, नियम अन्यायाचे आहेत म्हणून भांडला, आणि गोट्या पुन्हा पहिल्या घरात मांडाव्या तशी बटणं मांडून म्हणाला, ‘चाल, अजून एक.’ रात्रपाळीची वेळ झाली तरी उठेना. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून आला तो सूचना घेऊनच: पावसाळ्यात खड्डे दुप्पट कर आणि मामाच्या चहाले एकच डाव खाऊ दे, पण मंग खर्रा ठेव, तो दोन खाते.

लॅपटॉप अजून आलेला नाही. पण बाप आता लोकांना ‘पोरगा मोबाइलवर पडला असते’ असं सांगत नाही, ‘खेळ बनवते’ म्हणतो.

तुमच्याही घरात असा चौथ्या प्रकारचा पोट्टा असेल, तर त्याचा मोबाइल हिसकू नका आणि त्याच्या गुरूला शिव्याही घालू नका. कागद-पेन्सिल द्या आणि म्हणा, मला हरवेल असा एक खेळ करून आण. निम्मे पोट्टे त्याच संध्याकाळी पोलीस भरतीला धावायला लागतील. उरलेल्यांसाठी लॅपटॉपचे पैसे जमवायला लागा.