जुळ्या सोलापुरात विरहकवी कसे व्हावे

प्रेम फसलं असेल तर अभिनंदन, अर्धं काम झालं. झालंच नसेल तर आणखी बरं, हाताशी वेळ आहे. वही काढा.

१. आधी जीभ साफ करा. कवितेत 'बे' चालत नाही. सोलापूरकर बोलतो तसं लिहायला गेलात तर सगळा विरह 'गेली बे' एवढ्यात आटोपतो. त्याचा संग्रह कसा काढणार? जिला कॉलेजभर 'काय बे, येतीस का नाही?' म्हणून हाका मारल्या, तिला यापुढे 'सखे' म्हणा. पहिले काही दिवस आपलं आपल्यालाच हसू येईल. सगळ्यांचंच तसं होतं.

२. हवामान बदला. बाहेर पारा ४३ वर, पंख्यातून झळा येतायत. तुम्ही 'चिंब' लिहा. धुकं लिहा, ओली पायवाट लिहा. आठवणींचा पूर मात्र जपून आणा. पुराच्या ऐन मध्यावर खालून हाळी येते, 'पाणी आलंऽऽ!' चार-पाच दिवसांनी आलेलं नळाचं पाणी कुणाच्या विरहासाठी थांबत नाही. उठा, मोटर लावा, पिंप भरा, बादल्या भरा, मग हात पुसून पुन्हा व्याकूळ व्हा. आमच्या भागातल्या कवितांचं दुसरं कडवं कच्चं असतं, ते यामुळेच.

३. समुद्र हवाच असेल तर विजापूर रोडला कंबर तलाव आहे. काठावर बसून 'अथांग' लिहा, जलपर्णी गाळा. थंडीत पाहुणे पक्षी येतात आणि उडून जातात. तिच्यासाठी ही उपमा आयती आहे. पक्षी पुढच्या वर्षी परत येतात, हे लिहू नका.

४. गझलच लिहा. सुरेश भटांनी नवोदितांसाठी 'गझलेची बाराखडी' लिहून ठेवली आहे. ती वाचू नका. वृत्त, काफिया, रदीफ, प्रत्येक शेर स्वतंत्रपणे उभा राहिला पाहिजे, असे शेर निदान पाच तरी हवेत, हे एकदा कळलं की माणसाचा हात आखडतो. त्यापेक्षा प्रत्येक ओळीच्या शेवटी 'तुझ्याविना' टाका. कुणी वृत्ताबद्दल विचारलंच, तर 'मुक्तछंदातली गझल आहे' म्हणून मोकळे व्हा.

५. गावातल्या जुन्या लोकांपासून दूर राहा. पेशवाईतला रामजोशी इथलाच. घरदार सोडून तमाशात गेला आणि मराठीत संस्कृत, कानडी मिसळून लावण्या केल्या. व्ही. शांतारामांनी १९४७ मध्ये त्याच्यावर सिनेमा काढला, म्हणून आपणही तसलं काही करावं असं नाही. जिन्यात तेलुगू, शेजारी कानडी, भाजीच्या गाड्यावर दखनी रोज कानावर पडणारच. कवितेच्या वहीत घेऊ नका. कवी संजीवही सोलापूरचेच, १९५५ च्या 'भाऊबीज'मध्ये त्यांची गाणी आहेत. त्यांच्या लावणीतली बाई हवं ते सरळ मागून मोकळी होते. आपण मागायचं नाही, नुसतं उसासायचं.

६. आता ती कुठे गेली, हे ठरवा. कवितेत ती क्षितिजापार जाते. प्रत्यक्षात ती सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला गेली, हिंजवडीत नोकरी लागली म्हणून. आसरा चौकातून स्टेशनपर्यंत तुम्हीच गाडीवर सोडलं. तिच्या आईनं दिलेली पिशवी सगळी वाट तुमच्या हँडलला होती: कडक भाकरी, शेंगाचटणी, तेल पाझरू नये म्हणून चटणीला एकावर एक दोन प्लास्टिक. गाडी हलल्यावर तुम्ही खिडकीतून पिशवी आत दिली आणि म्हणालात, 'पोचलीस की मेसेज टाक.' बाकी जे सांगायचं होतं ते राहिलंच. यातलं एक अक्षरही लिहू नका. लोक गप्प होतील, मग 'वाहवा' कोण म्हणणार? आणि समोर तिची आई बसली असेल, तर पिशवीवरनं लगेच ओळखेल.

७. वाचन कोजागरीला सोसायटीच्या गच्चीवर ठेवा. त्या दिवशी पाण्याची पाळी नाही ना, ते आधी बघा. प्रत्येक ओळ दोनदा म्हणा. श्रोते मान डोलावतील. ते सगळे कवीच आहेत आणि स्वतःच्या पाळीची वाट बघतायत, हे मनावर घेऊ नका. दूध शेवटी द्या, नाहीतर अध्यक्षसुद्धा खाली उतरतात.

८. संग्रह पदरच्या पैशानं काढा. अर्पणपत्रिकेत नाव घालू नका, 'तिला' एवढंच पुरे. बायको, आई, कॉलनीतल्या दोघीतिघी, सगळ्यांचं समाधान होतं. उरलेल्या प्रती दिवाणात ठेवा, लग्नकार्यात आहेराला उपयोगी पडतात. तिच्या लग्नालाही एक न्या. पण पाकीट वेगळं द्या, नुसत्या पुस्तकावर भागवू नका.