जरा सत्तर सेंटिमीटर मागे सरका

एप्सन म्हटलं की आपल्याकडे प्रिंटर आठवतो. त्यामुळे ‘मी एप्सनचा कॅमेरा घेतलाय’ असं घरात जाहीर केलं, तेव्हा मेहुण्याचा पहिला प्रश्न होता, “कार्ट्रिज केवढ्याला पडतं?” सासूबाईंनी तर नातवाच्या प्रोजेक्टचे कागद काढूनच ठेवले होते.

वास्तविक हा साधासुधा कॅमेरा नव्हे. एप्सन आर-डी१, जगातला पहिला डिजिटल रेंजफाइंडर. तो २००४ साली आला. रेंजफाइंडरच्या दुनियेत जिचं नाव देवघरात घेतात त्या लायकाला पहिला डिजिटल रेंजफाइंडर काढायला २००६ उजाडलं. म्हणजे एका प्रिंटरवाल्या कंपनीने जर्मनांना दोन वर्षांनी मागे टाकलं. हा इतिहास मी मेहुण्याला रंगवून सांगितला. तो म्हणाला, “बरोबर आहे. पण मग प्रिंटरच का नाही घेतलात?”

हा कॅमेरा एका मित्राच्या मुलाने जपानहून जुनाच आणून दिला. कॅमेरा डिजिटल, पण प्रत्येक फोटोआधी अंगठ्याने खटका ओढावा लागतो, रिळाच्या कॅमेऱ्यात ओढायचो तसा. आत रीळ नाही, पुढे काहीच सरकत नाही, तरी ओढायचा. वर घड्याळासारखी तबकडी, तिच्यात चार काटे. एकही वेळ दाखवत नाही. किती फोटो उरले, बॅटरी किती उरली वगैरे सांगतात. मागचा स्क्रीन उलटा फिरवून बंद करता येतो, म्हणजे काढलेला फोटो लगेच बघण्याचा मोह नको. (हा मोह किती आवश्यक असतो हे पुढे येईलच.) दोन जीबीपेक्षा मोठं कार्ड त्याला पचत नाही, आणि दोन जीबीचं मागितलं की दुकानदार आपल्याकडे कणवेने बघतो.

आणि लेन्स? लेन्स नव्हती. बॉडी घेण्यात पैसे संपले होते. खोक्यातून कॅमेरा काढल्यावर सौ.ने पुढून बघितलं, मागून बघितलं आणि विचारलं, “अहो, ह्याच्या तोंडाला भोक कसलं?”

“तिथे लेन्स लागते. ती वेगळी घ्यायची असते.”

“म्हणजे अजून खर्च आहेच.”

रेंजफाइंडरला झूम नसतो, ऑटोफोकस नसतो. एका वेळी एक लेन्स, एकच आकडा. म्हणून या पंथातले लोक ‘रोजची लेन्स कोणती’ यावर वर्षानुवर्षं खल करतात. कोणी ३५ चा, कोणी ५० चा, काही कडवे २८ चे. या वादात मी पूर्ण तयारीनिशी उतरलो. म्हणजे दिवाळीपासून होळीपर्यंत नुसतं वाचलं. तोवर कॅमेरा तोंडाला प्लास्टिकची टोपी घालून कपाटात.

शेवटी ५० ठरली, आणि ती छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँमुळे. त्यांनी जवळजवळ सगळं आयुष्य ५० वर काढलं. गांधीजींना त्यांच्या अखेरच्या दिवशी ते भेटले, नंतर अंत्ययात्रेची गर्दी टिपली. ती छायाचित्रं बघून कोणालाही वाटेल की दिल्लीच्या त्या गर्दीत ५० चालली, तर आमच्या कोपर स्टेशनच्या गर्दीत का चालू नये. ब्रेसाँ गेले ऑगस्ट २००४ मध्ये, म्हणजे माझा कॅमेरा बाजारात आला त्याच वर्षी. यात मला दैवी संकेत दिसला. संकेत दिसायला लागले की समजावं, खिशाला हात लागणार.

फोर्टातल्या बोरा बझारच्या गल्लीत एक रशियन ज्युपिटर-८ मिळाली. ५० मिलिमीटर, एफ/२. जुन्या जर्मन झोनारवरून रशियनांनी बेतलेली. आट्याची लेन्स, म्हणून एक मिलिमीटर जाडीची चकती मधे लावली की माझ्या कॅमेऱ्यावर बसते. दुकानदाराने ती फडक्याने पुसत दिली आणि म्हणाला, “पोर्ट्रेटला एक नंबर आहे साहेब.” मी ‘एक नंबर’ ऐकलं, ‘पोर्ट्रेटला’ ऐकलंच नाही.

इथे गणिताचा एक बारीक मुद्दा होता. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान आहे, त्यामुळे कुठल्याही लेन्सचा आकडा साधारण दीडने गुणावा लागतो. ५० चे झाले ७५, म्हणजे चौकट आणखी अरुंद. हा गुणाकार मला पाठ होता. होळीपर्यंतच्या वाचनात तो पानापानावर होता. पण ब्रेसाँच्या नावापुढे गुणाकार काढणं बरं दिसलं नाही.

पहिला प्रयोग पुतणीच्या बारशाला. आमचा हॉल दहा बाय चौदा, त्यातलं चार बाय सहा सोफ्याने आधीच बळकावलेलं. पाळणा, बाळ, बाळाची आई आणि आत्या एवढं चौकटीत घ्यायचं होतं. मी भिंतीला पाठ लावली. आत्या मावेना. दार उघडून जिन्याच्या लँडिंगवर गेलो, तिथे चपलांच्या ढिगावर उभा राहिलो, तर मधे एका वहिनींचा अंबाडा. शेवटी बाल्कनीत जाऊन ग्रिलला टेकलो आणि वाळत घातलेल्या टॉवेलखालून नेम धरला.

रेंजफाइंडरमध्ये आपण लेन्समधून बघत नाही, शेजारच्या खिडकीतून बघतो. खिडकीच्या मधोमध एक फिकट पिवळसर चौकोन असतो आणि त्यात समोरच्या माणसाची दुसरी पुसट प्रतिमा, जरा सरकलेली. लेन्स फिरवत न्यायची, पुसट माणूस ठळक माणसावर बरोबर बसला की फोकस. चौकोनात नेमका मेहुणा आला. एक पुरेसा असताना दोन दिसत होते. त्यांना एकमेकांवर बसवेपर्यंत बाळाचं नाव ठेवून झालं, कुर्र झालं, आणि पाळणा म्हणणाऱ्या बायका घुगऱ्या घ्यायला उठल्या.

स्क्रीन मी बाणेदारपणे उलटा फिरवून ठेवला होता. त्यामुळे फोटो रात्री बघितले. आत्याच्या हातातला घुगऱ्यांचा वाडगा अप्रतिम आला होता. एकेका हरभऱ्यावर खोबऱ्याचा कीस मोजून घ्यावा. बाकी बारशाला कोण कोण होतं, ते त्या फोटोंवरून सांगता येत नाही. एकीची नथ, एकाचा चष्मा, आणि बऱ्याच फोटोंत एक कान. घरात अजून त्या कानावरून वाद आहे. माझ्या मते तो मेहुण्याचा. मेहुणा म्हणतो, एवढा मोठा कान त्यांच्या घराण्यात नाही.

शिवाय रशियन लेन्सचं फोकसचं माप जर्मन मापाशी तंतोतंत जुळत नाही अशी तिची ख्याती आहे, आणि जवळच्या अंतरावर ते जास्तच जाणवतं. म्हणजे मी ज्याच्यावर फोकस करायचो त्याच्याऐवजी भलताच स्पष्ट यायचा. बाळावर धरलेल्या नेमाचा फायदा घुगऱ्यांना झाला तो असा.

गुढीपाडव्याला फडके रोडवर गेलो. १९९९ साली डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानाने नववर्ष स्वागतयात्रा सुरू केली, तेव्हापासून पाडव्याला अख्खी डोंबिवली त्या रस्त्यावर असते. रेंजफाइंडरचा मोठा गुण असा सांगतात, की चौकटीबाहेरचंही दिसत राहतं, त्यामुळे कोण आत येणार ते आधीच कळतं. शंभर टक्के खरं. माझ्या कॅमेऱ्यात तर दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात, कारण खिडकीतलं चित्र डोळ्याला दिसतं तेवढंच मोठं असतं. दोन्ही डोळ्यांनी मला स्पष्ट दिसत होतं, की नऊवारी नेसून बुलेटवर येणाऱ्या मुलींच्या आणि माझ्या मधे आता डावीकडून ढोलवाला येणार, उजवीकडून सेल्फी काठी येणार. ते आले. ७५ च्या अरुंद चौकटीत ढोलाचं कातडं मात्र काठोकाठ भरलं.

मग ३५ घ्यायचं ठरवलं. दीडने गुणल्यावर ती ५० च्या जवळ जाते, म्हणजे ब्रेसाँही राहिले आणि हिशेबही राहिला. व्हॉइग्टलेंडरची ‘कलर-स्कोपर’, एफ/२.५. हे नाव जुनं जर्मन, पण १९९९ पासून त्या नावाने जपानची कोसिना लेन्स बनवते, आणि माझ्या कॅमेऱ्याचा सांगाडाही त्याच कोसिनाचा. लोकलच्या ग्रुपमधल्या एकाने सल्ला दिला, “कोपरच्या माणसाने स्कोपर नाही घ्यायची तर काय करी रोडच्या?” इतकं सखोल परीक्षण आधीच्या चार महिन्यांच्या वाचनात कुठेही आलं नव्हतं. घेतली.

तिची चाचणी अप्पर कोपरला केली. आमचं स्टेशन दुमजली आहे. खाली कल्याणकडची मुख्य लाइन, आणि तिला वरून ओलांडून जाणारी दिवा-वसई लाइन. वर गाड्या मोजक्याच, त्यामुळे दोन गाड्यांच्या मधे तिथे माणसापेक्षा वारा जास्त असतो. खाडीच्या बाजूने येणारा. खालून धीमी गाडी जाताना दारात लटकलेल्यांचे डोक्याचे तुरे वरून दिसतात. ३५ तिथे फार गुणी वाटली. हवं तेवढं मागे सरकायला जागा, मधे कोणी नाही. खाकी कपड्यातला एक जण आला, मी खटका ओढत होतो ते त्याने बघितलं आणि हळूच विचारलं, “रीळ मिळतो का अजून?” मी डिजिटल असल्याचं सांगितल्यावर तो जरा नाराज होऊन गेला. मला वाटलं, आपली रोजची लेन्स सापडली.

पण रोजची म्हणजे रोजची. अप्पर कोपरला मी रोज जात नाही. रोज मी खालून ऑफिसची गाडी पकडतो. कोपर हे डोंबिवली आणि दिव्याच्या मधलं स्टेशन. फक्त धीम्या थांबतात, त्याही डोंबिवलीने आधीच भरून पाठवलेल्या. धोरणी लोक आधी उलटे डोंबिवलीला जाऊन तिथून बसून येतात. मी धोरणी नाही, हे एव्हाना लक्षात आलंच असेल.

लेन्सच्या कड्यावर अंतराचे आकडे कोरलेले असतात. सगळ्यात लहान आकडा ०.७. म्हणजे सत्तर सेंटिमीटरपेक्षा जवळचं काही ही लेन्स ओळखतच नाही. ज्युपिटरची मर्यादा तर पुरा एक मीटर. जर्मनीत माणसं एकमेकांपासून सत्तर सेंटिमीटर लांब उभी राहत असतील. आमच्या डब्यात माझं नाक आणि पुढच्याची मान यांत सात असतील, आणि दिव्याला चढणारे तेवढेही ठेवत नाहीत. खिडकीपाशी पत्ते खेळणारी मंडळी, बॅगेवर पेपर पसरून मारलेला हात, चौथ्या सीटवर अर्धा टेकलेला एक जण आणि त्याचा हवेत तरंगणारा उरलेला भाग. असा विषय माझ्या छातीला टेकलेला, आणि कॅमेऱ्याच्या लेखी तो अस्तित्वातच नाही. मी कड्याला आणखी फिरवायला बघतोय, ते ०.७ ला अडून बसलेलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “दादा, जरा सत्तर सेंटिमीटर मागे सरका ना.”

डबा क्षणभर शांत झाला. मग मुंब्र्यापर्यंत हसत होता. तेव्हापासून ग्रुपमध्ये माझं नाव सत्तर. “सत्तर आला रे, जागा द्या,” असं ओरडतात. देत कोणी नाही.

त्याच आठवड्यात उतरताना कॅमेरा दाराच्या मधल्या दांड्यावर आपटला. रेंजफाइंडर नाजूक, आतली दुसरी प्रतिमा जराशी वर चढली. आता मेहुण्यावर फोकस केला की मेहुणा स्वतःच्याच डोक्यावर बसलेला दिसू लागला. बोरा बझारमधल्या एका कारागिराने डोळ्याला भिंग लावून, पेनाच्या रिफिलएवढ्या स्क्रू ड्रायव्हरने त्याला खाली उतरवला.

कारागिराचं काम चाललेलं असताना काउंटरवर एक २८ पडली होती. तीही कलर-स्कोपर, एफ/३.५. अंधारात निरुपयोगी, दिसायला बटणाएवढी, कोणी हात लावत नव्हतं. मी सहज गुणाकार केला. २८ चे दीडपटीहून जरा जास्त, साधारण ४३ होतात. आणि फिल्मच्या ३६ बाय २४ च्या चौकटीचा कर्ण किती? ४३.३. कर्णाएवढी लेन्स म्हणजेच शास्त्राने ‘नॉर्मल’. दिवाळीपासून मी जिला शोधत होतो ती हीच, आणि तिच्यावर धूळ होती. ३५ देऊन, वर थोडे पैसे घालून ती घेतली.

२८ ची चौकट माझ्या खिडकीच्या अगदी कडेला आहे. मला चष्मा आहे, त्यामुळे चारी कोपरे दिसायला डोळा गरागरा फिरवावा लागतो. बघणाऱ्याला वाटतं मला फिट येतेय. पण कोपरे बघण्याची गरजच उरली नाही. एफ/८ ला ठेवायची, अंतर दोन मीटरवर लावायचं, की साधारण दीड ते सव्वातीन मीटरमधलं सगळं ठीक येतं. पुसट मेहुणा नाही, ठळक मेहुणा नाही. पुलाच्या जिन्यावर, रिक्षा स्टँडच्या रांगेत, वडापावच्या गाडीपुढे नुसतं बटण दाबायचं. डब्यात अजूनही फोटो येत नाहीत. तिथे मी कॅमेरा बॅगेत ठेवतो आणि बॅग पोटाशी धरतो. पत्तेवाल्यांचे फोटो प्लॅटफॉर्मवर काढतो, गाडी चुकलेली असते तेव्हा. त्या वेळी त्यांच्यात आणि माझ्यात सहज दोन मीटर असतात. मुलाला हे तंत्र कौतुकाने दाखवलं, तर तो म्हणाला, “बाबा, मोबाइल तुमच्या ४३ पेक्षा रुंदच बघतो. आणि फोकस तोच करतो.” त्याला मी प्रिंटरसाठी पैसे देणार होतो, ते रहित केले.

ज्युपिटर-८ विकायची आहे. काच स्वच्छ आहे, फक्त आतल्या बाजूला कडेशी पावसाळ्यात बुरशी आली आहे. उजेडाकडे धरली की कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसतात, फोटोत दिसत नाहीत. पोर्ट्रेटला एक नंबर. कानासाठी विशेष. चकती मिळणार नाही, ती २८ ला लावली आहे. लेन्स ज्यात ठेवायचो तो डबाही मिळणार नाही, तो स्वयंपाकघरातला आहे आणि सौ.ने त्यातलं सिलिका जेल फेकून पुन्हा जिरं भरलं आहे. घेणाऱ्याने कोपरला यावं. शक्यतो दुपारच्या गाडीने.